आडनाव दोंदू

चौतीस वर्षं टपाल वाटलं मी,
खाडीपासून वरच्या वाडीपर्यंत,
आधी पायी, मग सायकल, गुडघा गेल्यावर पुन्हा पायी.
म्हणून सरपंचाने तिला माझ्याकडे धाडलं:
'तातू, ही बाई मॉरिशसहून आली आहे.
एक घर शोधते. पत्ता जरा जुना आहे.'

जरा जुना म्हणजे एकशे अडतीस वर्षं.

तिने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला.
एक नंबर. बोटीचं नाव.
उंची पाच फूट एक इंच. डाव्या भुवईवर व्रण.
गावाच्या रकान्यात गोऱ्या कारकुनाने
ऐकू आलं तसं लिहिलेलं: कोलम.
आता हे आमचं कोळंब,
की रत्नागिरीकडचं कोळंबे,
की कुठला तरी बिननावाचा कोंड,
धक्क्यावरच्या गलबल्यात अर्धा ऐकलेला?
बापाच्या नावाच्या जागी शाईचा डाग.

तिचं नाव प्रेमवती. आडनाव दोंदू.
'दोंदू म्हणजे काय?'
मी म्हटलं, बाई, हे आडनावच नव्हे, हाक आहे.
धोंडू.
आधीची पोरं जगली नाहीत की पुढच्याला
दगड म्हणायचं, म्हणजे कुणाची नजर पडत नाही.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली,
'आम्ही दोनशे जण आहोत या नावाचे.
दोन तर डॉक्टर.'

दुपारभर फिरलो. चिऱ्याचे गडगे, माडांची शिंपणं,
मुंबईला गेलेल्यांची कुलपं.
तीन घरांनी सोलकढी दिली.
चौथ्याने ओटीवरूनच विचारलं,
'सातबाऱ्यार नाव लावूक इली हा काय ता?'
मी तिला सांगितलं,
ते म्हणतात, उन्हाची फिरू नकोस.

धोंडू कुणालाच आठवत नव्हता.
गेलेल्याला आठवत बसायला
मागे राहिलेल्यांचं पोट भरलेलं असावं लागतं.

परतताना सत्यवतीच्या खळ्यात ती थबकली.
म्हातारी सुकट निवडत होती.
प्रेमवतीने बोट दाखवलं आणि स्पष्ट म्हणाली,
'शिपतर.'

माझी सून हा शब्द वापरत नाही.
दुकानदार त्याला बास्केट म्हणतो.
तिच्या घरी, तिने सांगितलं,
तो निळ्या प्लास्टिकच्या टोपलीला लागतो,
आजीपासून; आणि तिला वाटायचं
आजीने तो आपल्या मनाने केला असावा.

सत्यवतीने मान वर केली.
'गो, खंयची तू?'
याचं भाषांतर मला जमलं नाही.

संध्याकाळी रवळनाथापुढे गाऱ्हाणं.
गावकार हात जोडून उभा राहिला आणि अडला:
कुठल्या घरचं म्हणून सांगू देवाला?
मीही अडलो. टपालात अशा पत्रावर
शिक्का असायचा, पत्ता अपुरा,
आणि तो मारताना माझा हात कधी थांबला नव्हता.
म्हटलं, सांगा, धोंडूच्या घरचं.

'बा देवा म्हाराजा, ह्या धोंडूच्या घरचा लेकरू
दर्यापल्याडसून तुझ्या पायाकडे इला हा...'
'व्हय म्हाराजा,' आम्ही म्हणालो.
एक श्वास मागून
तीही.

नारळाबरोबर तिने आणलेली साखर वाटली.
तपकिरी, ओलसर, काकवीच्या वासाची.
ज्या शेतात तो ऊस तोडायचा तिथे आता हॉटेल आहे, म्हणाली,
ही साखर विमानतळावर घेतली.

ते कोळंब हेच होतं का, मला माहीत नाही.
तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

उरलेली पिशवी जाताना माझ्या हातात ठेवली.
मी ती बरणीत भरली, झाकण गच्च लावलं,
फडताळात वरच्या फळीवर, मागे,
घरात कुणाला न सांगता.
दुसऱ्या दिवशी सकाळी
मुंग्यांना पत्ता लागलेला.